रेस न सोडणारी जीप

“पाय काढलाय, तरी पळतीया! बाजूला व्हा!”

कैलासमामाची आरोळी ऐकून खळ्यावरची माणसं चहूकडे पांगली. जीप गुरगुरत आली, भाताच्या पेंढ्याच्या गंजीत घुसली आणि मामाने चावी फिरवल्यावर एकदाची गप्प झाली. मामा बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर इतका पेंढा होता, की म्हशीने त्याच्याकडे आशेने पाहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत आजोळी आलेल्या आरती आणि सनीला हसू आवरेना. त्यांची मैत्रीण चिंगी मात्र हसली नाही. ती राहायची वर डोंगरातल्या वाडीवर, आणि वाडीतली पोरं याच जीपमधून खाली हायस्कूलला यायची.

असं याआधीही झालं होतं. लोणावळ्याचा मिस्त्री दर वेळी गाडी तपासायचा आणि काही बिघाड नाही म्हणून परत पाठवायचा. गॅरेजात शहाण्यासारखी वागणारी जीप भुशीचा चढ लागला की बिथरायची. शेवटी आरती-सनीच्या आजोबांनी, कोंडाजीआबांनी, निकाल दिला की गाडीला चढावरच्या खिंडीतली बाधा झालीय. लिंबू उतरवून झालं, मिरच्या जाळून झाल्या, आणि आता सोमाटण्याचा भंगारवाला दुपारी जीप न्यायला येणार होता.

“जीप गेली की माझी शाळा संपली,” चिंगी म्हणाली. “रानातनं चालत न्हाई सोडायची आई.”

आबा जेवून आडवे होताच तिघांनी बॉनेट उघडलं.

आत इंजिनावर झेंडूची वाळलेली माळ होती. दसऱ्याला सगळे गाडीला बाहेरून हार घालतात. पण गाडीचा देव इंजिनात असतो, असं आबांचं ठाम मत. माळ त्यांनी स्वतःच्या हाताने बांधली होती, आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत ती कोणी सोडायची नाही, अशी ताकीद दिली होती.

सनीने युक्ती काढली. इंजिन बंद ठेवून तो ॲक्सिलरेटर दाबणार आणि दोघी आत काय हलतं ते बघणार. पाय पडला की एक तार ओढली जाई, तिच्या टोकाची लोखंडी पट्टी फिरे आणि पाय उचलला की जागेवर येई. हळू दाबलं, ठीक. आणखी दाबलं, तरी ठीक. मग चढावर मामा दाबतो तसा सनीने पाय पार तळाला टेकवला आणि उचलला. पट्टी परत आलीच नाही.

“माळंचा दोरा बघ,” चिंगी म्हणाली. “पट्टीत गुतलाय.”

मामाला ओढून आणलं. मिस्त्रीला माळ दिसली नाही का, असं आरतीने विचारताच मामाचा चेहरा पडला. मिस्त्री मोठा भाविक. कामाला हात लावण्याआधी तो माळ सोडून, नमस्कार करून फळीवर ठेवायचा. आणि गाडी ठीक आहे म्हटल्यावर मामाच ती पुन्हा इमानेइतबारे बांधायचा.

“मग सोड की ती,” सनी म्हणाला.

“आबांची माळ? तूच सोड बाबा,” म्हणत मामा मागे सरला.

तेव्हा चिंगीनेच आबांना गाठलं. जीप जाण्याआधी एकदा तरी स्टिअरिंगपुढे बसून बघा, असा तिने आग्रह धरला. आबांना तो मोह फार दिवसांचा होता. मामाने हँडब्रेक ओढला, गियर काढला, चाकांना दगड लावले आणि इंजिन चालू केलं. आबांनी पाय तळापर्यंत दाबला. जीप गर्जली. घाबरून आबांनी दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली, तरी ती गर्जतच राहिली.

“हो, हो! थांब की गं बाई!” बैलाला चुचकारावं तसे आबा जीपला चुचकारू लागले. मामाने चटकन चावी फिरवली.

चिंगीने त्यांना बॉनेटशी नेऊन दोरा दाखवला. आबांनी वाकून पाहिलं. बाधा कोणाची होती, ते त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी माळ स्वतः सोडली, कपाळाला लावली आणि तुळशीपाशी ठेवली. सनीने पुन्हा पाय तळाला टेकवून उचलला. पट्टी खट्‌कन जागेवर आली.

भंगारवाला आला, त्याला आबांनी चहा पाजून वाटेला लावलं.

“मिस्त्र्यापरीस ही पोरं लय हुशार,” ते साऱ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले. “चिंगे, शाळा उघडली की तू म्होरं बसायचं.”

“आन् कैलासमामा?”

“त्यो चालवंल की. तू सांगशील तशी.”