कोपऱ्याकडे पळणारी गोटी

"आधी कुणी हात लावला ते सांगा," टिकली म्हणाली. "मगच जेवायला बसू."

सुट्टीत आत्याकडे आलेली सुतळी आणि तिचा धाकटा भाऊ बोका एकमेकांकडे बघत राहिले. टिकली ही आत्याची मुलगी. तिघांनी मिळून सिनेमात पाहिलं तसलं यंत्र मांडलं होतं. गोटी फळीवरून घरंगळणार, रिळांची रांग पाडणार, शेवटचं रीळ टांगलेल्या कात्रीला ढकलणार आणि कात्री आपटून खिडकीतली घंटा वाजणार! सिनेमात सगळं एका दमात झालं होतं. इथे गोटी अर्ध्या वाटेत फळीवरून उतरायची आणि कोपऱ्यातल्या कपाटाखाली जाऊन बसायची.

रोज सकाळी हेच. फळीखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला की दिवसभर ठीक, दुसऱ्या दिवशी पुन्हा गोटीचा रुसवा. पुठ्ठ्यांची चळत वाढत गेली आणि तिघांचं बोलणं कमी होत गेलं.

"बोक्याचंच काम. सकाळी उठून पाय मारतो," सुतळी म्हणाली.

"मी सकाळी उठतो तरी का?"

मुद्दा बिनतोड होता, पण ऐकतंय कोण? बोका आपली गोटी घेऊन दाराशी जाऊन बसला. उद्याच घरी जावं, इथे आपलं कुणी नाही, असं त्याला वाटलं. डोळे पुसताना गोटी हातातून सुटली. ती जमिनीवरून आपणहून निघाली, आत्याच्या शिलाई मशीनखालून गेली आणि त्याच कपाटाखाली शिरली.

"टिकले, एक रीळ आण बघू," बोका म्हणाला.

रीळ तिकडेच गेलं. पेन्सिलही तिकडेच.

"फळी नाही, जमीन कलतेय," सुतळी म्हणाली. "आपण रोज पुठ्ठे लावत बसलो आणि खोली रोज खाली जात होती."

त्या कोपऱ्याखाली घरमालकांचं भांड्यांचं दुकान होतं. दुकान मोठं करायचं म्हणून त्या भांडीवाल्या काकांनी तिथे पडदा लावून ठोकाठोकी चालवली होती. आत्या खाली जाऊन विचारून आली ती मान खाली घालूनच.

"हसले. म्हणाले, पोरांच्या गोट्यांवर घर मोजता का?"

"मग दुसऱ्या कुणाला सांग ना," टिकली म्हणाली.

"त्यांना दुखवून कसं चालेल? दुसरी जागा कोण देणार आहे मला?"

तिघांनीही हात टेकले. मोठ्यांनीच कान झाकून घेतल्यावर बोलायचं कुणाशी?

दुसऱ्या दिवशी बांधकाम खात्यातल्या इंजिनिअर बाई त्यांचा शिवलेला ड्रेस न्यायला येणार होत्या. टिकलीला एक युक्ती सुचली. काकांना पाहुणे म्हणून बोलावलं की ते कुठेही येतात! यंत्राच्या उद्‌घाटनाला बोलावल्यावर ते केस विंचरून हजर झाले. बाईही आल्या होत्या आणि आत्या त्यांच्या ड्रेसला शेवटचं बटण लावत होती. सुतळीने आधीच फळीखालचे सगळे पुठ्ठे काढून टाकले होते.

काकांनी ऐटीत गोटी सोडली. ती फळीवरून उतरली आणि थेट कपाटाखाली गेली.

"यंत्र वाकडं आहे तुमचं."

"मग जमिनीवर ठेवून बघा, काका," टिकली गोड आवाजात म्हणाली.

काकांनी ठेवली. गोटी पुन्हा तिकडेच. बाईंचं हसू मावळलं.

"खाली या कोपऱ्यात काय आहे?"

"तसं काही नाही. एक खांब मधे येत होता जरासा."

बाई धावतच खाली गेल्या. पडद्यामागे खांब कापलेला होता आणि त्याच्या जागी लावलेला लोखंडी पाइप वाकला होता.

"सगळे बाहेर चला. आत्ताच्या आत्ता."

संध्याकाळी सगळी बिऱ्हाडं रस्त्यावर होती. दाराला सील लागलं होतं. "या मुलांमुळे आज माणसं वाचली," बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी बोक्याची पाठ थोपटली. काका लांब उभे होते, एकटे.

टिकली वर बंद खिडकीकडे बघत होती. "आपलं घर आपणच घालवलं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

आत्या फुटपाथवर शिलाई मशीनला टेकून बसली होती. तिने तिघांना जवळ ओढलं.

"शाबास," ती म्हणाली. "खरंच शाबास. पण पोरांनो, आज मला तुमचं नीट कौतुक करता यायचं नाही. उद्या करीन हं."