नव्या तांदळाला पाणी कमी

रायपूरचा ट्रंक कॉल सकाळी दहाला बुक केला होता. तो लागला दुपारी दोनला, आणि नेमका तेव्हाच, जेव्हा मधुसूदन इंगळेचा भात स्टोव्हवर उकळत होता.

१९७३ सालची गोष्ट. शहराबाहेर वाडीला, अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या गोदामाला लागून ऑफिस होतं आणि ऑफिसच्या मागे मधुसूदनची खोली. बुकिंग क्लार्क तोच, आचारीही तोच.

"वाडी, रायपूर बोला," तारेवरून एक्स्चेंजमधल्या मुलीचा आवाज आला. मधुसूदन रायपूरच्या माणसाला अडकलेल्या ट्रकबद्दल विचारू लागला, आणि तेवढ्यात मागून करपल्याचा वास आला.

"अरे, भात!"

रिसीव्हर टेबलावर टाकून तो पळाला. परत आला तेव्हा रायपूरवाला कंटाळून निघून गेला होता. तारेवर फक्त तीच उरली होती.

"वाडी, तुमची तीन मिनिटं झाली," ती म्हणाली. मग क्षणभर थांबून, आवाज खाली आणत... "लागला का?"

"काय?"

"भात."

"कोळसा झाला."

पलीकडे कुणीतरी तोंडावर पदर धरून हसल्यासारखं वाटलं.

"पाणी किती टाकलं होतं?"

"अंदाजानं."

"मग आता जेवाही अंदाजानं," ती म्हणाली, आणि खट्‌कन लाइन बंद झाली.

मधुसूदन कितीतरी वेळ रिसीव्हर हातात धरून उभा होता. तो अकोटकडचा. त्याच्या घरी रोज ज्वारीची भाकर. भात म्हणजे सणासुदीला, तोही आईच्या हातचा. एकट्या माणसाला भाकरी थापणं काही जमणार नाही, भातात काय, तांदूळ आणि पाणी, असं त्याला वाटलं होतं. चार महिने झाले, एक दिवस धड भात झाला नव्हता. पण आज पहिल्यांदाच त्याला भात करपल्याचं वाईट वाटलं नाही.

त्यानंतर ऑफिसचे ट्रंक कॉल तो स्वतः बुक करू लागला. दहापैकी दोनदा ती असायची. सुपरवायझर पाठीशी फिरत असायची, त्यामुळे बोलणं एखाद्या वाक्याचं. "दोन पाण्यानं धुता का?" "झाकण किती वेळा उघडता?" आणि एके दिवशी, "तांदूळच चुकीचा घेऊन राहिले तुम्ही. रविवारी दहा वाजता महालच्या बाजारात या, धान्याच्या दुकानांपाशी."

आवाजावरून त्याने मनाशी एक उंच, रुबाबदार बाई उभी केली होती. दुकानापाशी भेटली ती एक ठेंगणी, सावळी मुलगी. घट्ट वेणी, हातात कापडी पिशवी, आणि रोज हेडफोन लावून लावून डोक्यावर मधोमध चपटी झालेली केसांची पट्टी.

"वाडी?" तिने विचारलं.

"हो... आणि तुम्ही—"

"प्रेमिला रामटेके." तिने पोत्यातून मूठभर तांदूळ उचलून त्याच्या तळहातावर ओतला. "ही लुचई. कुहीकडची. आमच्या गावची. याच्यापुढे दुसऱ्या तांदळाचं नाव नका घेऊ माझ्यासमोर."

"नाही घेत," तो म्हणाला. तांदूळ मुठीत तसाच धरून ठेवला होता. दुकानदाराने मागितला तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

असे सहा-सात रविवार गेले. प्रेमिलाची आई वारली होती. वडील रामाजी कुहीला धानाची शेती करत. आता डोळे अधू झाले होते, म्हणून शेत बटईने देऊन ते लेकीजवळ महाल भागात राहायला आले होते. प्रेमिलाची ड्युटी दुपारी एक ते रात्री आठ. ती सकाळी रांधून जायची, आणि जन्मभर वाफेचा भात खाल्लेले रामाजी संध्याकाळी सातला गार गोळा जेवायचे.

"दोन स्थळं आली होती," शुक्रवारी नावाच्या तलावाच्या काठाने चालता चालता ती एकदा म्हणाली. "दोघांचं एकच. नोकरी सोडा. संध्याकाळचा स्वयंपाक कोण करन, म्हणे."

"मी असतो तर नोकरी सोडा नसतं म्हटलं."

"मग संध्याकाळचा भात?"

"मी केला असता की!"

तो हसत म्हणाला होता. ती मात्र जागीच थांबली. तलावावरून वारा आला, तिचा पदर फडफडला, तो तिने गच्च धरला.

"लग्नाआधी सगळेच पुरुष स्वयंपाक करतात, मधुसूदनजी. तोंडानं." आणि मग हलकेच, "तुमच्याकडून मले हे ऐकायचं नव्हतं."

ती निघून गेली. मागे वळूनही पाहिलं नाही.

मधुसूदन त्या दिवशी जेवला नाही. रागावून नव्हे, विचार करत बसला म्हणून. तिचं खरं होतं. आपण बोललो ते नुसतं तोंडदेखलं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला ऑफिस बंद झालं, तसा तो सायकलवर बसला आणि वाडीहून थेट महालात, रामाजींच्या दारात जाऊन उभा राहिला.

"जयभीम, बाबाजी."

"जयभीम. कोण गा तू?"

"मधुसूदन इंगळे. वाडीले ट्रान्सपोर्टमध्ये आहे. प्रेमिलाबाईंच्या ओळखीचा. तुमच्याकडून भात शिकायचा आहे."

रामाजींनी डोळे बारीक केले. "काहून?"

मधुसूदनच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. पण... "एकटा राहतो. उपाशी राहतो," एवढंच बोलला.

"हात धू," रामाजी म्हणाले.

शिकवणी सोपी नव्हती. रामाजींना नीट दिसत नसे, पण हाताला सगळं कळायचं. ते शीत दोन बोटांत चिरडत. मधे टोचलं की म्हणत, "कणी राहिली." आणि ताट सरकवून सकाळचा गार भात कांद्यासोबत खात. एकही जादा शब्द नाही. पहिल्या दिवशी कणी. दुसऱ्या दिवशी खाली लागला. तिसऱ्या दिवशी मधुसूदनने मायेने सराट्याने ढवळ ढवळ ढवळला, आणि त्याची लापशी झाली.

"ढवळतं काहून? तो काय चुना आहे भिंतीले लावायचा? टाकला ना पाण्यात? आता त्याले त्याच्या जागी राहू दे."

साडेसातला भाताचा गंज झाकून, बाकीची भांडी घासून तो निघायचा. प्रेमिला साडेआठला यायची. कधी गल्लीच्या तोंडाशी उशीर करत रेंगाळला तरी भेट व्हायची नाही. पण गंजात उरलेला भात ती चाखायची. कारण दुसऱ्या दिवशी ती तारेवर असली तर, रायपूर लावून देताना, सुपरवायझरची पाठ फिरली की एक शब्द तारेवरून यायचा.

"वाडी, रायपूर बोला... कणी."

किंवा, "गिच्चा." म्हणजे चिकट गोळा.

किंवा नुसतं, "मीठ!"

मधुसूदन हट्टाला पेटला. पाऊस असो, सायकलची चेन तुटो, तो संध्याकाळी महालात हजर. तांदूळ पाण्यात भिजत ठेवायचा, बोट बुडवून पेरापर्यंत पाणी मोजायचं, उकळी आली की शेगडीचे निखारे कमी करायचे, चार निखारे झाकणावर ठेवायचे, आणि मग हात मागे बांधून बसायचं. हे शेवटचं त्याला सगळ्यात जड गेलं. गणपती गेले, दसरा गेला. आणि एक दिवस रामाजींनी शीत चिरडलं, वरण ओतलं आणि जेवले. पुरं ताट.

दुसऱ्या दिवशी तारेवर शब्द आला, "...बरा."

त्या आनंदात तो रायपूरच्या माणसाला काय विचारायचं होतं तेच विसरला.

आता बोलायचं, असं तो रोज ठरवायचा. पण "बरा" म्हणजे अजून "छान" नव्हे. आणखी थोडा जमू दे, मग बोलू. असं करता करता दिवाळी उलटली. आणि एका संध्याकाळी रामाजी म्हणाले, "रविवारी लवकर ये गा. प्रेमिलाले पाहायले भंडाऱ्याचे पाहुणे येऊन राहिले. मुलगा मास्तर आहे. वरण-भाजी ती सकाळी करून ठेवन, पण मग तिले पाहुण्यांसमोर बसा लागन. भात गरम पाहिजे. तुझ्याशिवाय कोण करन?"

मधुसूदनच्या हातातलं झाकण शेगडीवर आपटलं. "...येतो," तो म्हणाला.

त्या दिवशी तो लगेच वाडीला निघाला नाही. साडेआठपर्यंत गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून उभा राहिला. प्रेमिला आली, त्याला पाहून थबकली.

"येणार आहे तुम्ही रविवारी?"

"बाबाजींनी सांगितलं—"

"बाबांनी सांगितलं!" ती उसळली. "तीन महिने मी वाट पाहून राहिली. मले वाटलं, माझ्यासाठी शिकून राहिले. तुम्ही तर माझ्या बाबांचे स्वयंपाकी झाले. आणखी काही बोलायचं आहे का नाही तुम्हाले?"

"आहे. भात अजून..."

"भात?" तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही भातामागं लपून राहिले," ती म्हणाली आणि गल्लीत शिरली.

रविवारी तो सकाळी नऊलाच आला. चेहरा धुतलेला, शर्ट इस्त्रीचा, आणि मनाशी एक गोष्ट पक्की. पाहुणे आले: मास्तर, त्याचे वडील आणि एक मामा. बाहेरच्या खोलीत चहा झाला, प्रेमिला हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली. आत मधुसूदनने डब्यातला तांदूळ धुतला, बोट बुडवून पेरापर्यंत पाणी मोजलं, भात चढवला, निखारे ठेवले, हात मागे बांधले. वेळ झाली, झाकण उघडलं.

सगळा भात चिकटून एक झाला होता. गिच्चा.

त्याने डब्यात हात घातला. दाणा दातात धरला, तो मऊ लागला. रामाजी त्याच आठवड्यात कुहीला जाऊन आले होते. डब्यात या हंगामाचा नवा तांदूळ भरला होता. नवा तांदूळ पाणी पीत नाही. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता विचारायला वेळ नव्हता.

गंज त्याने बाजूला ठेवला. दुसऱ्यात नवा तांदूळ धुतला, भिजवायला न ठेवता तसाच गंजात टाकला, पाणी पेराच्या बरंच खाली थांबवलं. चढवला, आणि हात पुसून बाहेर आला.

"माफ करा. भात बिघडला. दुसरा टाकला आहे, वीस मिनिटं लागतील."

मुलाचे वडील त्याच्याकडे पाहत राहिले. "भात तुम्ही करून राहिले? पोरीले येत नाही का?"

"येते," प्रेमिला पाटावरून म्हणाली. "मले चांगला येते."

"मग हे कोण?"

रामाजींचे अधू डोळे आवाजाच्या दिशेने वळले. या वेळी मधुसूदन थांबला नाही.

"बाबाजी, पहिल्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, काहून शिकायचा. मी अर्धंच सांगितलं. मले प्रेमिलाशी लग्न करायचं आहे. त्यांची ड्युटी आठपर्यंत असते. त्यांनी नोकरी सोडू नये, अन् तुम्ही गार भात खाऊ नये, म्हणून शिकलो. आज बिघडला. पुढंही बिघडन कधी. पण मी रोज करीन." मग पाहुण्यांकडे वळून त्याने हात जोडले. "तुमच्यासमोर बोलायले नाही पाहिजे होतं. आधी बोलायचं होतं. हिंमत झाली नाही."

मुलाचे वडील उठून उभे राहिले. "रामाजी, हा काय तमाशा आहे?"

रामाजी लेकीकडे वळले. "प्रेमिला," ते म्हणाले, "तुले काय म्हणायचं आहे वं?"

प्रेमिलाने मान वर केली. गाल तापले होते, डोळे भरले होते, आवाज मात्र तारेवर असायचा तसा स्वच्छ होता.

"मले हेच पाहिजेत, बाबा."

इतका वेळ एक शब्द न बोललेला मास्तर हळूच म्हणाला, "बाबा, बसा ना. भंडाऱ्याची बस तीनला आहे. अन् मले भूक लागली आहे." मामाला हसू आवरेना. वडील "हं" करून खाली बसले.

"अन् तुम्ही उभे काय राहिले?" प्रेमिला मधुसूदनला म्हणाली. "आत पाहा ना, तो लागन!"

तो धावला. झाकण काढलं, वाफ तोंडावर आली, आणि वाफेखाली शीत अन् शीत मोकळं. पाहुणे पोटभर जेवले. जाताना मास्तरने मधुसूदनचा हात हातात घेतला. "मलेही शिका लागन वाटते," तो म्हणाला.

रामाजी हात धुऊन खाटेवर आडवे झाले. "पोरा, अकोटले पत्र टाक. तुझ्या आई-बापाले म्हणा, रामाजीनं बोलावलं आहे." आणि कूस बदलून घेतली.

स्वयंपाकघरात दोघंच उरले. चांगल्या भाताचा गंज पाहुण्यांनी चाटून पुसून रिकामा केला होता. मधुसूदन ओशाळून हसला. "तुम्ही जेवल्याच नाही..."

प्रेमिलाने तो पहिला, बिघडलेल्या भाताचा गंज ओढून मधे घेतला, वर मिरचीचा ठेचा टाकला आणि खाली बसली. तोही बसला. गुडघ्याला गुडघा लागला. कुणीच सरकलं नाही. तिने एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

"अगदी वाईट," ती म्हणाली, आणि दुसरा घास त्याच्यापुढे धरला.