वरच्यासाठी हात

जावयाला वळण नव्हतं, ही मोठ्या बाईंची जुनीच तक्रार. चहाचा कप जिथं प्यायला तिथंच सोडायचा, बूट काढायचे ते एक पूर्वेला नि एक पश्चिमेला, आणि सासू बोलायला लागली की डोक्यावर हेल्मेट चढवायचं. लेकीच्या तोंडाकडे बघून बाईंनी हेही गिळलं असतं. पण आभाळात छत्री उघडण्याआधी माणूस हात करत नाही, म्हणजे काय? हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

मैदानाच्या कडेला पत्र्याची लांबलचक शेड होती. तिथं पॅराशूटच्या घड्या घालत. घरातली सगळी त्याला छत्रीच म्हणत. शेडच्या दाराशी बाईंची लाकडी खुर्ची, मांडीवर नवऱ्याची जुनी दुर्बीण. नवऱ्यानं हे मैदान उभं केलं, एक विमान घेतलं, आणि एके दिवशी झोपेतच गेला. मागे राहिली ती धावपट्टी आणि बाईंची जीभ. दोन्हींवरून घसरलेला माणूस सहसा सावरत नसे. बाईंची शाळा चौथीतच सुटली होती, पण विमान वर गेलं की उतरेपर्यंत त्यांची दुर्बीण खाली येत नसे.

मैदानावरचे उडीचे मास्तर विमानातून उडी मारत, पोटाशी गिऱ्हाईक बांधलेलं. त्यांच्यासोबत डोक्याला कॅमेरा लावून जावई. गिऱ्हाइकाचं हसणं, रडणं, गालांचं फडफडणं, सगळं टिपत तो समोर राहायचा. मग मास्तरांची छत्री उघडली की ती दोघं वर राहायची आणि जावई खाली निसटायचा. बाजूला सरून आपली छत्री उघडायचा. उघडायच्या आधी दोन्ही हात डोक्यावर नेऊन दोनदा कात्रीसारखे हलवायचे असतात. वर जो कोणी असेल त्याला कळावं, की मी आता थांबतोय, तू बाजूला हो. छत्री उघडली की खालचा माणूस हवेत थबकतो, आणि वरचा दगडासारखा येतच असतो.

जावई हात करत नसे. सरळ छत्री उघडायचा.

"जावईबापू, आज पण हात केला नाहीत."

"वर कोण असतं, आई?" लंगडत येऊन त्यानं हेल्मेट काढलं. "मास्तर तिकडे लांब लटकलेले. माझ्यामागे कोणी उडी मारत नाही. रिकाम्या आभाळाला काय हात दाखवायचा? हात दाखवून अवलक्षण."

"वरचा दिसत असता तर हात लागला असता कशाला? दिसत नाही म्हणूनच करायचा."

तो खाली बसला. बूट काढले, एक पूर्वेला, एक पश्चिमेला.

बाईंच्या मुलाला हात करायची सवय लागली होती, ती हाडीमांसी खिळलेली. त्यालाही कॅमेऱ्याचंच वेड. जेवून पाटावरून उठतानासुद्धा तो दोन्ही हात डोक्यावर नेऊन दोनदा हलवायचा, मगच उठायचा. शिंक आली तरी आधी हात. "अरे, इथं तुझ्या वर कोण आहे?" बाई विचारत. "पंखा आहे ना, आई. त्यालाही कळायला नको?" असं म्हणून तो हसायचा. मेव्हण्याला पण त्यानंच शिकवलं होतं. कॅमेरा कसा बांधायचा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर कसं राहायचं. आणि हात.

गेल्या हिवाळ्यात एका गिऱ्हाइकाला दोन बाजूंनी चित्रीकरण हवं होतं. म्हणून दोघंही कॅमेरे लावून वर गेले. शेवटी जावई खाली होता, मुलगा त्याच्या वर. जावयाची छत्री उघडली आणि मुलगा तिच्यावर येऊन आदळला. जावयाचा पाय मोडला, कॅमेरा फुटला. मुलगा गेला. त्या दिवशी नेमके ढग खाली आले होते, बाईंच्या दुर्बिणीला काही दिसलं नव्हतं.

"मी हात केला होता," दवाखान्यातून जावयानं सांगितलं. "त्याचं लक्ष नव्हतं."

चौकशीला आलेल्या साहेबांनीही तेच धरलं. वरच्याचं लक्ष नव्हतं. बाईंनी मुलाला माती दिली त्याहून हे वाक्य त्यांना जड गेलं. ज्या पोरानं पंख्याला हात केल्याशिवाय पाट सोडला नाही, त्याचं लक्ष नव्हतं! पण लेक तेव्हा नवऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या तोंडात चमच्यानं पेज घालत होती. बाईंनी तोंड मिटलं, ते आजवर मिटलेलंच होतं. एरवी सगळ्या जगाला सुनावणाऱ्या बाई हे एवढं मात्र कोणाला विचारू शकल्या नव्हत्या.

तक्रार पहिल्यांदा आली ती एका नर्सबाईंकडून. पंधरवड्यापूर्वी उडी मारून गेल्या होत्या. मैदानावर परत आल्या त्या फणकाऱ्यातच.

"माझ्या व्हिडिओचा शेवटच कापलाय. छत्री उघडतानाचंच नाही. आणि तुमचा तो दुसरा माणूसही नाही."

"दुसरा कोण? मास्तर?"

"मास्तर माझ्या पाठीला होते हो. कॅमेरावाल्याच्या मागे, वरती होता तो. निळ्या कपड्यातला. इतकं छान हात हलवत होता, म्हटलं तेवढं तरी ठेवायचं."

"बाई, आमचा कॅमेरावाला एकच. वारा डोळ्यांत गेला की एकाचे दोन दिसतात," मोठ्या बाई म्हणाल्या. नर्सबाईंना त्यांनी चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग बराच वेळ त्या खुर्चीत तशाच बसून राहिल्या. मुलाचा उडीचा पोशाख निळा होता. तो अजून शेडमध्ये शेवटच्या खुंटीला टांगलेला होता. त्या उठल्या, जाऊन बघून आल्या. होता. हात लावला तर गार लागला. उन्हानं पत्रा तापला असताना असा गार, जसा नुकताच कोणी वरून घेऊन आलं असावं.

त्यांनी हात पदराला पुसला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

त्यानंतर एका दुपारी एक निवृत्त बस कंडक्टर आले. मुलींनी वाढदिवसाला उडी भेट दिली होती. माणूस गप्पिष्ट. विमानात चढण्याआधी शेडभर फिरून सगळ्यांना हसवून झालं होतं. टोपी घड्यांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "सांभाळा हं. सगळी नोकरी दारात लटकून केली, पण पुढचा स्टॉप खाली आहे असं पहिल्यांदाच."

आभाळ स्वच्छ होतं. बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली. मास्तर आणि कंडक्टर, त्यांच्यासमोर जावई. बास. वर नितळ निळं, काही नाही. मग कंडक्टरांची मान हळूहळू वर झाली, जावयाच्या डोक्यावरून पलीकडे. त्यांनी दोन्ही हात उचलले आणि डोक्यावर दोनदा हलवले, कात्रीसारखे.

हे गिऱ्हाइकाला कोणी शिकवत नसे.

मास्तरांची छत्री उघडली. जावई खाली सुटला, सरकला, आणि हात न करताच थांबला.

कंडक्टर उतरले, बांधलेले पट्टे सुटले, तशा बाई त्यांच्याजवळ गेल्या.

"वर हात कोणाला केलात?"

"तुमच्या त्या दुसऱ्याला. निळ्या कपड्यातल्या." कंडक्टरांचा श्वास अजून वर होता, चेहरा लहान पोरासारखा. "तो करत होता, म्हणून मीही केला. परतफेड नको? पण खरं सांगू, मला नव्हता करत तो. खालच्याला करत होता."

"म्हणजे?"

"त्या कॅमेरावाल्याच्या पाठीकडे बघत होता सारखा. हात करायचा, थांबायचा. परत करायचा. आम्ही नाही का, दोन बेल दिल्याशिवाय गाडी हलवू देत नाही, आणि ड्रायव्हर नवखा असला की त्याच्याकडे बघत उभं राहतो, तसा." ते जरा घुटमळले. "फार जवळ होता हो. एवढं जवळ चालतं का?"

"टोपी नंतर न्या," बाई म्हणाल्या. "तुमचा व्हिडिओ होईपर्यंत बसा. चहा सांगते."

लेक ऑफिसमध्ये संगणकापुढे होती. बाईंनी दार लोटलं.

"न कापलेल्या सगळ्या फिती लाव."

"आई, ते कापायचं काम हे स्वतः करतात. मला हात लावू देत नाहीत."

"म्हणूनच लाव."

पायाचं हाड जुळून जावई पुन्हा उडायला लागला, त्यानंतरची पहिली फीत. चष्मा लावलेली एक मुलगी हसत होती, ओरडत होती. शेवटी तिची नजर कॅमेऱ्याच्या वर गेली. खूप वर, विमान बघावं तशी. लगेच परत आली.

पुढची. एक जाडजूड गृहस्थ. नजर वर गेली, पण तेवढी वर नाही. त्यांनी एक हात अर्धवट उचलला.

लेकीनं पुढची लावली, मग त्याच्या पुढची. माणसं बदलत होती, शेवट बदलत नव्हता. सगळ्यांची नजर वर जायची, आणि दर फितीत जराशी कमी वर. आधी एक हात, मग दोन्ही. नर्सबाईंनी तर तोंडभर हसून दोन्ही हात हलवले होते, नजर कॅमेऱ्याच्या जेमतेम हातभर वर ठेवून.

लेकीची बोटं थांबली. "आई, ही सगळी कोणाला बघतायत?"

"आजची लाव."

कंडक्टरांचा चेहरा पडदाभर झाला. डोळे कॅमेऱ्याकडे नव्हते. पण कॅमेऱ्यापासून दूरही नव्हते. जावयाच्या खांद्यावरून कोणी वाकून बघत असेल, तर त्याच्याशी नजर मिळावी इतकेच वर.

बाईंनी पदर तोंडाशी धरला. सगळ्या परक्यांना दिसतो. एका आईला तेवढा दिसत नाही.

"आई," लेक पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "तुला ह्यांना काय विचारायचंय ते मला माहीत आहे. माझ्यासाठी थांबू नकोस."

जावई शेडमध्ये बाकावर बसला होता, बुटांचे बंद सोडत. टेबलावर लहान छत्रीचं पातळ कापड घडीसाठी पसरलेलं. घडी चालू असली की शेडमध्ये पंखा लावायचा नाही, दारं खिडक्या ओढून घ्यायच्या, हा नवऱ्यानं घालून दिलेला नियम. हवा ठप्प होती. कापडाची कड हलत नव्हती.

बाई समोर उभ्या राहिल्या. लेक ऑफिसच्या दारात.

"शेवट का कापता, जावईबापू?"

त्यानं मान वर केली नाही. "कंटाळवाणा असतो, आई."

"मी अख्ख्या बघून आले."

बुटाचा बंद त्याच्या बोटात तसाच राहिला.

"तुम्हाला दिसतो तो?"

"नाही." बंद बोटाला गुंडाळत तो म्हणाला, "मला दिसत नाही. पाठीला कळतं."

"मग हात का करत नाही? एवढं सोपं काम."

"हात केला, तर वर कोणी आहे असं होईल." त्यानं बंद ओढून काढला. "वर कोणी नसतं, आई. त्या दिवशीपण मला वाटलं होतं, की वर..."

दारातल्या लेकीनं चौकट धरली.

"काय वाटलं होतं?" बाईंनी विचारलं.

तेवढ्यात दुसरं दार करकरलं. कंडक्टर आत आले. "माफ करा हं, टोपी राहिली माझी." ती उचलून त्यांनी डोक्यावर ठेवली, जावयाकडे बघून हसले. मग त्यांची नजर जराशी वर सरकली. फार नाही, वीतभर. ओळखीचा माणूस भेटावा तसा त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि दोनदा हलवले.

"बरंय, येतो," ते म्हणाले. जावयाला नाही. आणि दार ओढून गेले.



टेबलावरचं कापड अजिबात हलत नव्हतं. शेवटच्या खुंटीला नुसता हँगर होता.

जावयाच्या शर्टाची कॉलर फडफडत होती. वरच्या दिशेनं. कपाळावरचे केसही ताठ वर उडालेले, विमानातून सुटलेल्या माणसाचे असतात तसे.

त्याला ते कळलं असावं. बाकाच्या कडेवर हात टेकून तो घाईनं उठायला लागला.

"उठू नका," मोठ्या बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, आणि नजर जावयावर नव्हती, त्याच्या डोक्याच्या वीतभर वर होती. "लक्ष माझ्या लेकराचं होतं, जावईबापू. हात तुम्ही केला नव्हता. अजून तो तेवढ्यासाठीच थांबलाय. आधी हात करा, आणि मग उठा."