ज्ञानूची पिकअप

यातला एक शब्दही पदरचा नाही. ज्याला खोटं वाटेल त्यानं वेल्ह्याला यावं आणि गेनबाची वाडी विचारावी. पिकअप दारातच उभी असते.

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. शनिवार होता.

माझा धाकटा भाऊ ज्ञानू पिकअपवर शेळ्यामेंढ्यांची भाडी मारायचा. सात वर्षांपूर्वी काविळीनं गेला. तेव्हापासून गाडी गोठ्यामागं पत्र्याखाली उभी होती. मी तिला कुणाला हात लावू दिला नाही.

आता त्याची पोरगी रत्ना हट्टाला पेटली. किकवीच्या एका डेअरीला दूध पोचवायचं काम तिला मिळत होतं. अट एकच. पाडव्याला गाडी त्यांच्या दारात पाहिजे. नाहीतर पुन्हा कंपनीत रात्रपाळीचं पॅकिंग, आणि त्या जागरणानं ती आधीच अर्धी झालेली.

कापूरहोळचा रखमाजी मिस्त्री आला. रत्ना म्हणाली, आधी रंग मारू. माझा पोरगा धनाजी म्हणाला, बॅटरी आणून स्टार्टर मारू. मिस्त्रीनं दोघांना वेड्यात काढलं.

"खालनं सुरुवात करायची. आधी ब्रेक," तो म्हणाला. "थांबंल का ते आधी बगायचं. चालंल का ते मागनं."

त्यानं चारी चाकं काढली. गाडी दगडांवर ठेवली. शिळं डिझेल काढून टाकलं. चाकं टेम्पोत घालून तो निघाला, आणि जाता जाता मला मीटरचा आकडा लिहून ठेवायला सांगितलं. अक्षरं मला उतारवयात आली. म्हणून मी सगळं दोनदा वाचतो.

बासष्ट हजार चारशे आठ.

तेव्हाच एक गोष्ट खटकली. सात वर्षं उभी असलेली गाडी, आणि आत उंदराचं घर नाही. कोळ्याचं जाळं नाही. सगळीकडं बोटभर धूळ.

फक्त ड्रायव्हरच्या सीटवर... नाही.

रविवारी सकाळी आकडा पाहिला. दोनदा वाचला.

बासष्ट हजार चारशे तीस.

माझा संशय सरळ धनाजीवर गेला. गाडी चालू करून बघायची घाई त्यालाच होती. मी त्याला फैलावर घेतलं.

"चाकं कापूरव्हळला, बॅटरी न्हाई, डिझेल न्हाई," तो म्हणाला. "म्या काय डोक्यावर घेऊन फिरलो? चष्मा बदला, तात्या."

 संध्याकाळी मी गाडीची दोन्ही दारं दाव्यानं आवळली. मेंढरं बांधायची आमची एक गाठ असते, ती वाडीत आता मलाच येते.

सोमवारी गाठ जशीच्या तशी होती.

आकडा... चारशे बावन्न.

त्या दुपारी मी पत्र्याखाली बाज टाकून बसलो. घरात कुणी नव्हतं. कुत्रं नेहमी माझ्या पायाशी येतं. त्या दिवशी ते लांब बांधावर उभं राहिलं, आणि तिथनंच बघत राहिलं.

मग आवाज आला.

टक... टक... टक...

हँडब्रेक ओढल्याचा. थोडा थांबला. पुन्हा टक... टक... टक...

ज्ञानू हँडब्रेक नेहमी दोनदा ओढायचा.

मी काचेतून आत डोकावलो. सीटवर कुणी नव्हतं. खाली क्लच दाबलेला होता, पार तळापर्यंत.

माझ्यादेखत तो हळूहळू वर आला...

मिस्त्रीला सांगितलं, तर तो म्हणाला, जुन्या स्प्रिंगचं काय सांगता येत नाही. मीटरचंही तसंच. पण हे सांगताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

मला मात्र कारण ठाऊक होतं. कुणाला बोललो नव्हतो, इतकंच.

ज्ञानूच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. दोन तास आम्ही नदीकाठी उन्हात उभे. जो तो कबुली देत होता. पोरीला शिकवू. मेंढरं सांभाळू. कुणीतरी म्हणालं, बाटली दावा, लगेच येईल. लोक हसले. कावळा फांदीवरनं हलेना. शेवटी मी पिंडाजवळ वाकलो आणि हळूच बोललो...

"ज्ञानू, तुजी गाडी तुज्याबिगर कुणी चालवणार न्हाई."

कावळा त्याच क्षणी शिवला.

आता रत्नाला हे सांगितलं असतं, तर ती गाडीत बसली नसती. तिचं काम गेलं असतं. मी एकटाच नदीवर गेलो. पानावर भात ठेवला, हात जोडले, दिलेला शब्द परत मागितला.

दिवस मावळेपर्यंत थांबलो. एकही कावळा आला नाही.

चाकं बसली त्या दिवसापासून आकडा हलायचा थांबला. मला ते जास्तच खटकलं.

पाडव्याला गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. रत्ना स्टेअरिंगवर बसली. मी शेजारी, डेअरीत फोडायचा दुसरा नारळ मांडीवर घेऊन. तिला एकटीला जाऊ द्यायची माझी हिंमत नव्हती.

नसरापूरकडं उतरताना पहिलं अवघड वळण आलं.

"तात्या, स्टेअरिंगवरचा हात काढा," रत्ना समोर बघत म्हणाली. "येतंय मला."

माझे दोन्ही हात नारळावर होते.



वळण मात्र सुरेख घेतलं गेलं.

काम मिळालं. ती रोज पहाटे जाते, दुपारी येते. वाडीत सगळ्यांना कौतुकानं सांगते, तात्यांनी पहिल्या दिवशी हात धरून वळणं शिकवली. धनाजी माझ्याकडं बघतो. मला गाडी येत नाही. कधीच येत नव्हती.

ज्ञानू पोरीला सांभाळतोय, की गाडी परत घेतोय... मला कळत नाही. ती किकवीला पोचून फोन करेपर्यंत मी चहासुद्धा घेत नाही.

काल फोन आला. हसत होती.

"तात्या, आता लई सोपं झालंय. वळण आलं की गाडी आपसूक वळती."

मी बरं म्हणालो. 

उद्या पहाटे ती पुन्हा निघेल. मी तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.