पाठीवरचे चार तडाखे

अण्णांचा तो शेवटचा रविवार, पण घरात कुणाला ठाऊक! दाढी करून, चहा पिऊन ते नेहमीसारखे निघाले आणि नेहमीसारखा चष्मा विसरले.

हेमाचे अण्णा, मारुतीराव, कल्याणच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. रविवारी रेल्वेच्या माणसांना प्रथमोपचार शिकवायचे. रस्त्यात कुणी चक्कर येऊन पडलं, की धूळ न बघता खाली बसायचे. शिवणवर्गातल्या मुली हेमाला ‘पट्टीवाल्याची पोर’ म्हणायच्या. त्यामुळे रस्त्यात ती अण्णांच्या दहा पावलं मागे चालायची.

चष्मा घेऊन ती वर्गाच्या दारात पोचली, तर गळ्यात हात अडकवलेला एक उंच तरुण समोरून येऊन आदळला.

“सावकाश हो! हात मोडलाय माझा.”

“अगंबाई! कधी?”

“साडेनऊला. मास्तरांनी मोडला… वर्गापुरता.”

हेमाला हसू आवरेना. त्याच्या हाताच्या झोळीची गाठ मात्र सुटत होती. तिनं नकळत पुढं होऊन ती घट्ट बांधली.

“एवढा सराईत हात? मास्तरांची मुलगी का तुम्ही?”

“छे… मी शेजारी राहते.”

अण्णा दारातच उभे होते. त्यांनी शांतपणे हात पुढं केला. “चष्मा आणलात? फार उपकार झाले हो, बाई.”

खरंच शेजारची असावी, असे बोलले ते. रात्री जेवतानाही त्यांनी तो विषय काढला नाही. चटणी मात्र दोनदा मागून घेतली. सोमवारी दुपारी शेडमध्ये काम करता करता त्यांचं हृदय थांबलं.

तो तरुण, आंबिवलीच्या स्टेशनातला तिकीटबाबू रतन, समाचाराला आला. ओसरीवर पांढऱ्या पातळातल्या आईजवळ बसलेली हेमा त्याला दिसली. ती शेजारची नव्हती, हे त्याला कळलं. त्यानं मान खाली घातली. पुढं वर्ग बंद पडला, तरी तो दर पंधरवड्याला काहीबाही विचारायला यायचा.

“झोळीची गाठ डाव्या खांद्यावर की उजव्या?”

“ज्या बाजूचा हात दुखावलाय, त्या. किती वेळा सांगायचं?”

“पाठ करूनच निघतो घरून. इथं आलं की… विसरायला होतं.”

हेमा पदराशी चाळा करत आत निघून जायची. पण पंधरवडा भरत आला, की तिचे कान दाराच्या कडीकडे लागायचे.

वर्ष उलटल्यावर रतनची आई, गंगुबाई, त्याला घेऊन मुलगी बघायला आली. काकांनी हेमाला आधीच बजावलं होतं, “वडील रेल्वेत हुद्द्यावर होते, एवढंच त्याच्या आईला सांगायचं. तेलकट कपडे, पट्ट्या, यातलं काही काढू नकोस. स्थळ हातचं जाईल.”

पोहे झाले, विडे आले. काकांच्या कुठल्याशा विनोदावर गंगुबाई तोंडभर हसल्या… आणि सुपारीचं खांड घशात अडकलं. खोकला नाही, आवाज नाही. डोळे पांढरे झाले.

“वर बघा, वर बघा!” काका त्यांच्या टाळूवर थापट्या मारू लागले. आई पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

“पाणी नको! काका, बाजूला व्हा!” हेमा उठली. तिनं गंगुबाईंना पुढं वाकवलं, एका हातानं छातीला आधार दिला आणि दुसऱ्या तळव्यानं दोन्ही खांद्यांच्या मधे जोरात हाणलं. एक. दोन. काका ओरडले, “अगं, होणारी सासू ती!” तीन. चौथ्याला सुपारी सतरंजीवर पडली आणि गंगुबाईंनी घर्रकन श्वास घेतला.

बऱ्याच वेळानं, पाणावल्या डोळ्यांनी, त्यांनी विचारलं, “पोरी, कुणी गं शिकवलं तुला हे?”

काकांनी घाईघाईनं तोंड उघडलं. “त्याचं काय आहे, तिचे वडील मोठ्या…”

“फिटर होते,” हेमा म्हणाली. तिनं मान वर करून सरळ रतनकडे पाहिलं. “त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलले मी. अण्णांनी ऐकलं, आणि माझी लाज राखली. मारुतीराव फिटर माझे वडील. त्यांच्यासारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुढच्या रविवारपासून त्यांचा वर्ग मी घेणार आहे… लग्न झालं तरी. आणि तुम्हाला चालणार असेल, तर मला तुमच्याशीच करायचंय.”