वरून काही घातलंय का?

वसईतल्या त्या अरुंद जिन्यात संपदाला तो पहिल्यांदा भेटला, तेव्हा त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली होती. सकाळची ऑफिसची वेळ, आणि हा बाटली घेऊन हिंडतोय! ती ओढणी सावरून भिंतीला चिकटली. तोही समोरच्या भिंतीला चिकटला. मग दोघंही एकदमच निघाले आणि बाटली तिच्या डब्यावर टणकन आपटली.

"दारू नाही हो," तो घाईघाईने म्हणाला. "झाडाचा रस आहे... कॅनडातला."

"ताडीपण झाडाचीच असते," संपदा म्हणाली आणि वर गेली. तोही तिच्यामागोमाग त्याच दारात शिरला.

ते दार दिनानाथांच्या कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसचं. परदेशातून आलेला माल जकातीच्या कुठल्या ओळीत बसतो ते संपदा ठरवायची, आणि दिनानाथ तिच्या शब्दावर डोळे मिटून सही करायचे. हा विघ्नेश, जवळच्या वटार गावातल्या वाडीवाल्यांचा मुलगा, एका व्यापाऱ्याकडे खरेदी बघायचा. बाटलीत मेपल सिरप होतं. जकातीच्या यादीत मेपलला त्याच्या नावाची ओळ होती. मात्र वरून वास नाहीतर रंग घातला, की त्या ओळीतून हकालपट्टी, जकातही वेगळी!

गेल्याच वर्षी एका गोडबोल्या व्यापाऱ्याने ऑफिसला असंच गंडवलं होतं. आता आणखी एक चूक झाली तर लायसन्स जाईल आणि आपण दोघंही घरी बसू, असं दिनानाथांनी तिला बजावलं होतं. तेव्हापासून कुणी गोड बोललं की संपदाच्या कपाळाला आठी पडायची.

आणि हा तर भलताच गोड बोलायचा. तिचा कानातला डूल बदलला तरी त्याच्या लक्षात यायचं. एकदा घरच्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी घेऊन आला, केळीच्या सोपात बांधलेली. संपदाने पुडी ड्रॉवरमध्ये ढकलली. लाच आहे मेली, दुसरं काय? आतून दिनानाथ विचारायचे, कोण आलंय गं? ती ठसक्यात सांगायची, "पार्टी आलीय." त्याचं नाव तिने कधी तोंडातून काढलं नाही. पण जिन्यात पाऊल वाजलं की मान तिकडे वळायची... आणि स्वतःचाच राग यायचा.

माल गोदीत उतरला. कागद उद्या जायचे होते. बाटलीतलं सिरप अस्सल होतं, तिने स्वतः चाखलं होतं. मेपलची ओळ तिने जवळजवळ पक्की केली होती. तेवढ्यात विघ्नेश आला. चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं.

"थांबवा," तो म्हणाला. "बाटली नुसती दाखवायला होती. मालातला नमुना मी आज चाखला... साखरेचा पाक आहे, वरून मेपलचा वास घातलेला. शेठ म्हणाले, तोंड बंद ठेव."

संपदाने पेनाला टोपण लावलं. यातही काही डाव असेल?

"मग मला का सांगताय?"

"तुमच्या शब्दावर सही होते ना..." त्याने मान खाली घातली. "नोकरी सोडून आलोय. वाडीत केळी आहेत. जमेल काहीतरी."

इतके दिवस आपण या माणसाला चाळणीतून चाळत बसलो! तिने कागद बाजूला केले, ड्रॉवर उघडला, पुडी सोडली. सोनेरी, चिकट सुकेळी तशीच होती.

"यात वरून काही घातलंय?" तिने विचारलं.

"केळं आणि ऊन. बस."

तिने एक तुकडा तोंडात टाकला. त्याच्यासमोर तिने पहिल्यांदाच डोळे मिटले.

"कोण आलंय गं?" आतून आवाज आला.

"विघ्नेश आलाय," संपदा म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. "नाव घेतलंत..."

"नावाची ओळ असताना माणसाला दुसरीकडे कशाला टाकायचं?"

"आमच्या आईसमोर..." तो अडखळला. "वटारला, उंबरठ्यावर अडवतात नव्या सुनेला... तेव्हाही घ्याल?"

संपदाने उरलेलं सुकेळं त्याच्या हातावर ठेवलं.

"घेईन की," ती म्हणाली. "पण उखाणाबिखाणा नाही. वरून काही घालणार नाही मी... नुसतं नाव."