चाकावरची घोडी

हर्षालीला सायकल कधी धड चालवता आली नाही, आणि तिनंच निरगुडसरच्या रिकाम्या कांदाचाळीत सायकलवर चालणारं चित्रांचं चाक उभं केलं, याचं गावाला भारी हसू. सीटवर बसून पायडल मारलं की साखळीवरून मोठं चाक फिरायचं, आणि समोरच्या फटीतून बघणाऱ्याला चाकावरच्या चित्रांतला बैलगाडा शर्यतीच्या घाटात, त्या चढाच्या धावपट्टीवर, पळताना दिसायचा. गाड्यापुढं घोडी, घोडीवर तिचा भाऊ आदेश.

गेल्या यात्रेत घोडी मंदावली, अडखळली, आणि आदेश बैलांखाली गेला. ते चित्र हर्षालीनं काढलंच नव्हतं. चाकावर तरी तो पळत राहू दे, एवढाच तिचा हट्ट होता. उद्याच्या यात्रेत हे चाक मांडायचं होतं.

दिवेलागणीला आई आली, सरूबाई. "मलाबी बघू दे गं माज्या लेकाला," म्हणत ती सीटवर चढली.

तिनं पायडल मारलं तशी चित्रातली घोडी उधळली. ओल्या रंगाच्या वासात कुठूनसा भंडाऱ्याचा वास मिसळला. म्हातारी हरखून हसली. मग तिला धाप लागली.

"आई, बास. उतर आता."

"न्हाई… पाय हळू पडला की घोडी अडखळतीया. बघ तू."

हर्षालीनं शेजारच्या फटीला डोळा लावला. चाक मंदावलं तशी घोडी गुडघ्यावर आली, आदेश तिच्या मानेवरून पुढं कलला. असं एकही चित्र हर्षालीनं काढलं नव्हतं.

सरूबाईनं पुन्हा जोर लावला. तिचे ओठ काळेनिळे पडत चालले होते.

"मी थांबले तर त्यो पुन्यांदा पडंल गं…"

"आई, तो गेलाय! तू तरी राहा मला!" हर्षालीनं तिला कमरेला धरून खाली ओढलं, जमिनीवर निजवलं. सरूबाईचे डोळे मिटले होते. छाती मात्र वरखाली होत होती.

मागं साखळी अजून करकरत होती. हर्षालीनं कसंबसं मागं पाहिलं. सीट रिकामी होती, आणि पायडल फिरत होतं.

ते जरासं मंदावलं. आईचा श्वास घशात अडकला. पायडल आणखी मंदावलं. आईची छाती हलेना.

हर्षाली धडपडत सीटवर चढली आणि जीव खाऊन पायडल मारू लागली. खाली आईचा श्वास परत सुरू झाला. हर्षालीला रडूच फुटलं.

मग तिनं समोरच्या फटीतून पाहिलं. घोडीवर आता दोघं होती, आदेश आणि त्याच्यामागं आई.